काळ्या-पांढऱ्यातलं कुंकू

सन १९८४. माझं वय तेव्हा एकतीस. दादाजी मालकाच्या तंबू टाकीजमध्ये मी जनरेटर सांभाळत होतो आणि तंबूचे दोर बांधत होतो. माझी गाठ कोणत्याच वाऱ्यानं सुटली नाही, हे आधीच सांगून ठेवतो. पुढं जे लिहिणार आहे ते काही लोकांना पटणार नाही, आणि त्यांनी म्हणू नये की गोमा कच्चा माणूस होता. चौथीपर्यंत शिकलो. लिहिता येतं. चुका दिसल्या तर वाचणाऱ्यानं दुरुस्त करून घ्याव्या.

त्या वर्षीपासून आमच्या तंबूत एक बाई पडद्याजवळ उभी राहून पिक्चर सांगायची. हातात माईक, दाढेखाली लवंग, लोकांकडे तोंड आणि पडद्याकडे पाठ. मागं काय चाललं ते तिला वळून पाहावं लागत नव्हतं. पडद्याचा उजेड लोकांच्या तोंडावर पडायचा, त्यावरून तिला समजायचं. मी एकदा विचारलं, "बाई, मागं पाहत काऊन नाई?"

"मागं पाह्यलं त पिक्चर दिसते गोमा. पुढं पाह्यलं त मानसं दिसतेत. मले सांगाचं कोनाले हाये? पडद्याले?"

तिचं नाव सारजाबाई. हे नाव मुद्दाम लिहितो. पुण्याहून मला एक गुळगुळीत रंगीत कागद आला आहे. ती सांगायची त्यातलं एक पिक्चर कसं सापडलं, ते त्यात छापलं आहे. धुक्याचं वर्णन आहे, चहाच्या केतलीचं आहे, तळ्याचं आहे. आणि शेवटी एक ओळ, की ही प्रत मध्य भारतातल्या एका वृद्ध महिलेकडे होती. वृद्ध महिला! आमच्या एका गावात वृद्ध महिला मोजता येणार नाहीत इतक्या आहेत. सारजाबाई एकच होती.

आमचं गाव सिंदेवाहीकडचं, मोठ्या तळ्याच्या पाळीवर. निम्मी घरं मासोळीवर जगतात, निम्मी धानावर. सारजाबाईचं माहेर तिकडं वैनगंगेकाठी. तिचा बाप मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेच्या, नाटकांत पडद्यामागून बोल सांगायचा. राजा, राणी, चोर, शिपाई, सगळ्यांचे बोल त्याला पाठ. ही लहानपणी त्याच्या मांडीजवळ बसून ऐकायची. लग्न होऊन आमच्या गावात ढिवराच्या घरी आली. तिसऱ्या वर्षी नवरा जाळं टाकायला गेला आणि तळ्यात बुडाला. डोंगा उलटा होऊन पाळीला लागला, माणूस दुसऱ्या दिवशी सापडला. बायकांनी तिच्या बांगड्या फोडल्या, कपाळ पुसलं. बाप तिथंच खाटेवर बसला होता. ती सांगायची, "आख्ख्या नाटकाचे बोल पाठ होते माया बापाले. त्या दिवशी एक बोल नाई सुचला त्याले."

दिराच्या घरी तिला मागच्या दारी जेवण मिळायचं. दीर शिवा, तिच्याहून लहान. तो वाईट होता असं मी म्हणणार नाही. रीतीचा माणूस होता. रीत सांगेल तेवढंच ऐकायचा, त्याच्यापुढं त्याला ऐकू येत नव्हतं. मग ही मालकाकडे आली आणि तिकिटाच्या खिडकीवर बसायला लागली. पांढरं लुगडं, मोकळं कपाळ, आणि आवाज मात्र असा, की तिनं "सुटे पैसे आना" म्हटलं तर रांगेतला शेवटचा माणूस खिसा चाचपायचा.

त्या मंडईत आम्ही मारामारीचं हिंदी पिक्चर लावणार म्हणून गावोगाव भोंगा फिरवला होता. पिक्चरच्या पेट्या अमरावतीहून आल्या. तंबू गच्च भरला. दिवाळीनंतरचे दिवस, घरोघर पाहुणे, चिमूरकडून बैलगाड्या आलेल्या. मशीन सुरू झालं आणि पडद्यावर आलं एक तळं. तळ्यावर धुकं. धुक्यात एक घर. काळं-पांढरं. अक्षरं अशी, की मास्तरलाही वाचता येईनात. पेटी दुसऱ्याचीच आली होती.

लोक थोडा वेळ पाहत राहिले. एक म्हातारा खुर्चीवर बसला आहे. केतलीतून वाफ निघते आहे. कोणी बोलत नाही. मग म्हातारी येते, तीही बोलत नाही. मागून शिट्ट्या सुरू झाल्या. एक ढेकूळ पडद्याला लागलं. मालकानं गल्ला उचलून काखेत धरला, कारण लोक चिडले की तंबू पेटवायचे, हे त्यानं दुसऱ्या मालकाचं पाहिलं होतं. मी दोराजवळ उभा होतो. मला दिसत होतं की पुढचे चार-पाच गडी उठून कमरेला पंचा बांधून राहिले आहेत.

तेवढ्यात भोंग्याचा माईक खरखरला.

"थांबा बावा! थे डोंगा पाह्यला का? पाह्य, काठावर उलटा पडला हाये. त्या घरचं मानूस तळ्यात गेलं."

खिडकी सोडून सारजाबाई पडद्याजवळ आली होती. पडद्यावर खरंच एक नाव काठावर पालथी पडली होती. मी ती पाहिलीच नव्हती. कोणीच पाहिली नव्हती. पण आमच्याकडे असं गाव नाही ज्याला तळं नाही, आणि असं तळं नाही ज्यानं माणूस घेतला नाही. उठलेले गडी उभे होते तिथंच बसले.

मग ती सांगत गेली. म्हातारा म्हणजे मालगुजार, गावाचा धनी. हेकट. म्हातारी म्हणजे मुकी माय, जी मुकी नाही पण जिला बोलायची सोय नाही. काळ्या कपड्यातले लोक सुतकाला आले. आणि पांढऱ्या कपड्यातली ती तरणी पोरगी, डोक्यावरून पांढरा पदर, तिचं नाव सारजाबाईनं सोनी ठेवलं. "पांढरं नेसवलं पोरीले. वय पाह्य तिचं. पाह्य!" पांढरं म्हणजे काय, हे आमच्याकडे कोणाला सांगावं लागत नाही. बायकांच्या बाजूनं हुंदके यायला लागले.

म्हाताऱ्याचा आवाज ती पोटातून काढायची. म्हणायची, "आवाज पोटातून काढावा, गळ्यातून त बेडूकबी काढते."

शेवटी पोरगी जिना उतरून खाली येते. सगळे उभे. आख्ख्या पिक्चरमध्ये एक शब्द न बोललेला म्हातारा तिच्यासमोर येतो, हात वर करतो आणि अंगठ्यानं तिच्या कपाळावर काहीतरी काढतो. मग पोरगी नावेत बसते आणि धुक्यात जाते. तो अंगठा कपाळाला लागला, तेव्हा सारजाबाई पहिल्यांदा अडखळली. मग ती म्हणाली, आणि हा आवाज तिनं कोणाचाच काढलेला नव्हता, तिचाच होता.

"बापानं कुंकू लावलं."

काळ्या-पांढऱ्यात कुंकवाचा रंग कुठून दिसणार? पण त्या दिवशी आम्हाला लाल दिसलं. मी शपथेवर सांगतो.

दुसऱ्या दिवशी ती खिडकीवर आली तर कपाळावर रुपयाएवढं कुंकू. मालक घाबरला. "बाई, हे काय?"

"पिक्चरची जाहिरात हाये मालक."

संध्याकाळपर्यंत शिवा दोन माणसं घेऊन आला. हातात काठी. "पूस थे," म्हणाला. मी दोराचा खुंटा उपसून हातात घेतला. सारजाबाईनं मला हातानं मागं सारलं.

"तूच पूस शिवा. ये. काल माईकवर सांगतलं मी, बापानं लावलं म्हनून. उद्यापासून हेबी सांगीन, दिरानं पुसलं म्हनून. नावासकट सांगीन. तिकीट काढून आयकाले येजो."

शिवा काठी घेऊन परत गेला. पण जाताना थुंकून गेला, आणि ते तो विसरला नाही.

अमरावतीवाल्यानं सांगितलं, असं पिक्चर आमचं नाहीच. नागपूरच्या कोण्या शिकलेल्या लोकांच्या क्लबाचं असेल, तिथंही मालकानं विचारलं, कोणी धड बोललं नाही. पेट्या आमच्याकडेच राहिल्या. पुढची कितीतरी वर्षं प्रत्येक मंडईला एक खेळ हिंदीचा आणि एक खेळ सारजाबाईचा. गोंडपिपरीपासून लोक यायचे. बाहेर निघायच्या वाटेवर, माझ्या दोराजवळ, ती कुंकवाचा एक लाकडी करंडा ठेवायची. त्याबद्दल माईकवर कधी बोलली नाही. ज्याचं त्यानं पाहावं. मी तिथंच उभा असायचो म्हणून पाहिलं आहे. रांडमुंड बायका यायच्या, इकडंतिकडं पाहायच्या, अंधारात बोट बुडवायच्या. काहींनी घराच्या वळणापर्यंत ठेवलं आणि पुसलं. काहींनी ठेवलं. आमच्या गावच्या राधाबाईनं जे लावलं ते पुन्हा काढलं नाही. सासरच्यांनी तिला लग्नकार्यात बोलावणं सोडलं, तरी काढलं नाही.

मग घरोघर टीव्ही आला, तंबू बसला. मालकानं सगळ्यांना म्हटलं, ज्याला जे पाहिजे ते न्या. मी जनरेटर आणला. सारजाबाईनं त्या पेट्या मागितल्या. आपल्या झोपडीत धान साठवायच्या ढोलीत कोंड्याखाली ठेवल्या. लोक हसले. "बाई, डबे खाशीन का?" ती म्हणाली, "तुमी धान ठेवता, मी बेनं ठेवलं."

किती वर्षं गेली. मग एक दिवस पुण्याचे अरविंदराव आले. साठीचा माणूस, पांढरी दाढी, ते पिक्चर ज्या देशाचं तिथली भाषा कॉलेजात शिकवायचे. जुनी पिक्चरं गोळा करायचा नाद. शाळेच्या एका मास्तरनं सारजाबाईचा आणि पेटीवरच्या अक्षरांचा फोटो मोबाईलवर टाकला होता, तो फिरत फिरत त्यांच्याकडे गेला. अंगणात त्यांनी पेटी उघडली, नाक आत घालून वास घेतला आणि मातीतच बसले. मला वाटलं चक्कर आली. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

म्हणाले, या पिक्चरची प्रत त्या देशातसुद्धा राहिलेली नाही. जगात चार-पाच वेडे याच्या मागं आहेत, त्यातला मी एक. कॉलेजात असताना अर्धं पाहिलं आणि वीज गेली. "शेवटी तो बाप एक खूण करतो, असं फक्त वाचलंय. ती पाहण्यासाठी आयुष्य गेलं, बाई."

"एवढं काय हाये त्यात तुमच्यासाठी?" तिनं विचारलं.

"त्यातली शांतता. ते धुकं. असं धुकं पुन्हा कोणाला टिपता आलं नाही."

"धुक्यासाठी पुन्यावून आले? पुसाच्या थंडीत आमच्या तळ्यावर या. फुकट दाखवतो."

ते हसले. पण मला त्यांचा राग आला नाही. माणूस खरा भुकेला होता.

ठरलं असं, की भाताच्या गिरणीच्या रिकाम्या गोदामात, खिडक्यांना ताडपत्री लावून, रविवारी दुपारी गावाला एकदा दाखवायचं, आणि मग पेट्या पुण्याला जातील. तिथून त्या देशात. अरविंदरावांची एकच विनंती होती, की या वेळी पिक्चर आहे तसं चालू द्या, वरून बोलू नका. सारजाबाई म्हणाली, "बरं. मीबी कवा बसून पाह्यलं नाई."

आधी मशीन तपासायला म्हणून त्यांनी एकदा चालवलं. गोदामात आम्ही तिघंच. ती पोत्यावर बसली, पडद्याकडे तोंड करून. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. अरविंदराव मशीनजवळ उभे राहून हळूहळू ओठ हलवत होते, जसा पोथी ऐकताना माणूस हलवतो. पोरगी पांढऱ्यात जिना उतरायला लागली तसे ते स्वतःशीच म्हणाले, "काय सुंदर नवरी आहे."

सारजाबाई वळली. "कोन नवरी?"

"ही. हे तिचं लग्न आहे ना. बापाच्या मनाविरुद्ध. म्हणून तो आख्ख्या पिक्चरमध्ये बोलत नाही."

"पांढरं नेसून?"

"त्यांच्याकडे नवरी पांढरंच नेसते, बाई."

पडद्यावर अंगठा कपाळाला लागला. अरविंदराव मशीनवर वाकले, त्यांना त्यांची खूण मिळाली होती. सारजाबाईनं खालच्या आवाजात विचारलं, "आन थे काय लावून राह्यला?"

"काही लावत नाही. आशीर्वाद देतोय. देवाची खूण काढतात त्यांच्यात, अंगठ्यानं."

मशीन थांबलं. तिचा हात कपाळाकडे गेला आणि मध्येच थांबला. मी तिला तळ्यात डोंगा हलतो तेव्हाही घाबरताना पाहिलं नव्हतं. त्या दिवशी पाहिलं. तिच्या एकटीचं कुंकू नव्हतं ते. राधाबाईचं होतं, गोंडपिपरीच्या बायकांचं होतं, ज्यांनी घराच्या वळणावर पुसलं नाही त्या सगळ्यांचं होतं. सगळ्या कुंकवाचं मूळ त्या एका अंगठ्यात, आणि अंगठ्याला कुंकूच नव्हतं.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "बाई, रविवारचा खेळ रद्द कर."

"काऊन?"

"शिवा येईन. साह्यबाले भाषा येते हे त्याले मालूम हाये."

"गावाले बलावून दार लावू का? तंबूत मी कवा खेळ मोडला?"

अरविंदराव ऐकत होते. अवघडून म्हणाले, "बाई, मी आपणहून काही सांगणार नाही. पण कोणी विचारलं तर मला खोटं बोलता येणार नाही."

"बोलूबी नका," ती म्हणाली. "तुमाले जमनार नाई. खोटं बोलाले पोट लागते."

रविवारी गोदाम भरलं. म्हाताऱ्या बायका पुढं, त्यात राधाबाई, कपाळावर मोठं कुंकू, कडेवर पणतू. पोरं भिंतीवर. शिवा पहिल्या रांगेत खुर्ची टाकून बसला, धुतलेलं धोतर, काठी मांडीवर आडवी. त्याची सून त्याच्यामागं उभी. सारजाबाई एका कोपऱ्यात पोत्यावर. माईक नव्हता. मी दाराशी, सवयीनं.

पिक्चर सुरू झालं. म्हाताऱ्या बायका आपसांत कुजबुजून पोरींना सांगत होत्या, हा मालगुजार, ही मुकी माय, आता डोंगा दिसन पाह्य. त्यांना बोल पाठ होते. पोरगी जिन्यावर आली तशी शिवानं काठी जमिनीवर आपटली.

"साह्यब! तुमाले थ्या देशाची भाषा येते म्हनते. सांगा बरं सगळ्यांसमोर. हे पोरगी रांडमुंड हाये का?"

अरविंदरावांनी कोपऱ्याकडे पाहिलं. सारजाबाईनं मान खाली घातली नाही. मशीनचा आवाज चालू होता.

"नाही," ते म्हणाले. "ती नवरी आहे. हे तिचं लग्न आहे."

"आन बाप थे कुंकू लावते का?"

"नाही."

शिवा उठून लोकांकडे वळला. आता त्याची पाठ पडद्याकडे होती. "आयकलं? लगन हाये थे! एवढी वर्षं फसवलं या बाईनं. घरादाराचं नाक कापलं, कशासाठी? परक्या देशाच्या लग्नासाठी!"

पोरं हसली. राधाबाईनं पदर ओढून कपाळावर घेतला. मी ते पाहिलं आणि सारजाबाईनंही पाहिलं.

ती उठली. पडद्यापाशी गेली, नेहमीच्या जागी, नेहमीसारखी पाठ करून. माईकची गरज तिला तेव्हाही नव्हती.

"साह्यब खरं बोलले. नवरीच हाये. मले थ्या देशाची भाषा येत नोती. पांढरं दिसलं, उलटा डोंगा दिसला, मी आपलंच समजली. चुकली मी." तिनं शिवाकडे बोट केलं. "पन शिवा, तू रीतीचा मानूस हायेस, तुले एक विचारतो. नवरीच्या कपाळाले बापाचा अंगठा लागते. रांडमुंडीच्या कपाळाले लागला असता त अंगठा झडला असता का?"

त्याच वेळी तिच्या मागं म्हाताऱ्यानं हात वर केला. ती पाहत नव्हती. लोकांच्या तोंडावरचा उजेड बदलला तशी ती हळूच म्हणाली, "आता लावून राह्यला पाह्य." आणि बाजूला झाली. पिक्चर संपेपर्यंत कोणी उठलं नाही. शिवा मात्र आधीच निघून गेला.

लोक घरी गेल्यावर तिनं पेट्या स्वतःच्या हातानं गाडीत ठेवल्या. अरविंदराव म्हणाले, "तुमचा आवाज रेकॉर्ड करून घेऊ का? तिकडे दाखवताना..."

"नको. तुमची नवरी तुमी न्या. आमची सोनी आमच्यापाशी राहू द्या."

चांगला माणूस, पाया पडून गेला. म्हणून त्या कागदावरचं 'वृद्ध महिला' मला जास्त लागलं.

पण गावात ते संपलं नाही. राधाबाईचं कपाळ दुसऱ्या दिवशी मोकळं होतं. सारजाबाई काठी टेकत तिच्या घरी गेली. मी सोबत होतो. राधाबाई अंगणात धान पाखडत होती, वर पाहीना.

"राधे, तुया कपाळाले कुंकू पिक्चरनं लावलं होतं, का तुनं लावलं होतं?"

राधाबाई सूप हलवतच राहिली. "मले मालूम नाई बाई," म्हणाली. "आता काईच मालूम नाई."

परत येताना सारजाबाई तळ्याच्या पाळीवर बसली. शिवाबद्दल बोलली नाही. म्हणाली, "मी मेल्यावर हे लोक धुतीन गोमा. हे पाह्य, हे." आणि कपाळाला बोट लावलं.

"कोन धुते पाह्यतो."

"तू ना बाप ना भाऊ. तुया हक्क काय?"

मी म्हटलं, "मी दोर बांधनारा मानूस हाये." ती लवंग चावत हसली.

पौषातल्या धुक्यात तिला खोकला धरला. चंद्रपूरच्या दवाखान्यात नेतो म्हटलं तर म्हणाली, "तिथी माया आवाज कोन आयकन?" एका दुपारी झोपडीतच गेली. नात्याचं म्हणून शिवाचंच घर. प्रेत त्यांच्या अंगणात नेलं. माहेरचा भाचा वैनगंगेपलीकडून यायचा होता, म्हणून उद्या न्यायचं ठरलं. सवाष्ण मेली तर हिरवं लुगडं आणि कुंकू, रांडमुंड मेली तर कपाळ मोकळं. शिवानं बायकांना सांगितलं, न्हाऊ घाला आणि नीट धुवा. त्यांनी धुतलं. मी कुंपणाजवळ उभा होतो. पाणी अंगणातून वाहत माझ्या पायापर्यंत आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्या झोपडीत गेलो. ढोलीत पेट्यांच्या जागी कोंडा तसाच खोल दबलेला होता. करंडा तिथंच होता. तो धोतराच्या घडीत घेतला आणि शिवाच्या अंगणात आलो. भाचा पोचला होता, माणसं जमली होती, बांबू पडले होते. शिवा मध्ये आला. आम्ही दोघंही म्हातारे. त्याच्या हातात काठी, माझ्या हातात करंडा.

"कोन तू तिचा?" तो म्हणाला. "बाप का भाऊ?"

मी हललो नाही. तोही हलला नाही. मागून त्याची सून म्हणाली, "मामाजी, सरका."

त्यानं वळून पाहिलं. ती पदर डोक्यावर घेऊन उभी होती, आवाज चढवलेला नव्हता. "सरका म्हनतो ना. मानूस उन्हात ठेवलं हाये."

तो सरकला. मी खाली बसलो, अंगठा ओला करून करंड्यात बुडवला आणि सारजाबाईच्या कपाळावर रुपयाएवढं लावलं. थोडं वाकडं झालं. उठलो तर बायकांतून राधाबाई पुढं आली. कपाळ मोकळंच. तिनं हात पुढं केला. मी करंडा दिला आणि ती काय करते ते पाहत थांबलो नाही.

तोवर बांबू लावून झाले होते, पण पोरांना सुतळी धड ओढता येत नव्हती. मी ती त्यांच्या हातातून घेतली. तिरडीच्या सगळ्या गाठी मी बांधल्या, एकेक ओढून पाहिली, आणि खांदा दिला.